दोन चिठ्ठ्या, एक पेटी

पहिल्या पाळीला जायचं म्हणजे पहाटे वाकडहून निघून डांगे चौकात उभं राहायचं. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. पावणेसहाला आमची बस येते, पांढरी, गाद्यांच्या सीटची. तिच्या मागे थोड्या वेळाने ठेकेदाराची गाडी येते आणि तिच्यात पोरं कोंबून बसतात. दोन्ही गाड्या चाकणला एकाच गेटमधून आत जातात. आमचा शर्ट राखाडी, त्यांचा निळा. लाइनवर शेजारी शेजारी उभे राहून आम्ही एकाच गाडीचे नट आवळतो.

चौकाचं नाव कुणावरून पडलं तो मुद्दा वेगळा, पण 'डांगे' म्हटलं की मला लालबागच्या चाळीतली आमची खोली आठवते. तिथे हे नाव देव्हाऱ्यातल्या देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. आमचे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे विणकर, आणि लाल बावट्याचे पक्के. परवा बसची वाट बघताना त्यांची एक गोष्ट आठवली. घरात ती फारशी कुणी बोलत नाही. आत्या, तू हे वाचशील आणि रागावशीलही. पण मार्चमध्ये मी रिटायर होतोय, त्याआधी हे लिहून टाकावं असं वाटलं.

गोष्ट डिसेंबर १९८४ मधली. मी सोळा वर्षांचा, सुट्टीत लालबागला गेलो होतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप कुणी मागे घेतला नव्हता, पण उरलाही नव्हता. धाकटे काका संपात घरी बसले ते बसलेच. आणि तेव्हाच लोकसभेची निवडणूक आली. दत्ता सामंत उभे होते. चाळीत दिवसभर एकच चर्चा. कुणी म्हणायचं डॉक्टरने वाटोळं केलं, कुणी म्हणायचं शेवटी आपला माणूस. (पुढे ते निवडून आले, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेतसुद्धा.) आजोबा पान लावत ऐकत बसले होते. रात्री गॅलरीत माझ्याशेजारी आडवे झाले आणि म्हणाले, "मत जपून टाकावं रे. माझं एक मत मी कुजवलंय."

'कुजवलंय' म्हणजे काय ते मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं.

जानेवारी १९५२. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मुंबईत 'मुंबई शहर उत्तर' हा लोकसभेचा मतदारसंघ होता आणि त्याला दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. असे दुहेरी मतदारसंघ तेव्हा देशभर होते. ते १९६१ च्या कायद्याने बंद झाले, त्यामुळे आजच्या पिढीला ही भानगड ठाऊक नसते. नियम असा की प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येणार नाहीत. तशी दिली तर त्यातलं एक बाद.

आणि मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याच्या निशाणीचा कागद चिकटवलेला. पडद्याआड जायचं आणि हातातली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. या पेट्यांपैकी बारा लाखांवर पेट्या विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. म्हणजे ज्या कामगारांनी पेट्या बनवल्या, त्यांच्यातल्याही कित्येकांनी आयुष्यातलं पहिलं मत असल्याच पेटीत टाकलं असणार.

त्या दिवशी आजोबांसमोर ज्या पेट्या होत्या त्यांची नुसती यादी केली तरी कामगार चळवळीचा अर्धा इतिहास डोळ्यांपुढून जातो.

पहिली पेटी कणीस-विळ्याची. उमेदवार श्रीपाद अमृत डांगे. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन. पुढच्याच वर्षी मीरत खटल्यात अटक, मग तुरुंगातली कित्येक वर्षं. गिरणगावात त्यांना ओळख करून द्यावी लागत नसे.

दुसरी पेटी झाडाची. उमेदवार समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. १९४८ साली हिंद मजदूर सभा काढणाऱ्यांपैकी एक. १९५० मध्ये बोनससाठी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने दोन महिने गिरण्या बंद ठेवल्या होत्या, आणि ते दोन महिने सगळ्या चाळींच्या लक्षात होते.

तिसरी बैलजोडीची, काँग्रेसची. सर्वसाधारण जागेला विठ्ठल बाळकृष्ण गांधी, राखीव जागेला नारायण सदोबा काजरोळकर. काँग्रेसवालेही रिकाम्या हाताने आले नव्हते. १९४७ साली त्यांची इंटक निघाली होती, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन मान्य करायची पद्धत आणली होती. कापड धंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. वाटाघाटीच्या टेबलावर बसायचा हक्क त्यांचा, बाकीचे बाहेर. १९८२ च्या संपाचं एक मूळ इथेच आहे.

आणि चौथी पेटी हत्तीची. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. उमेदवार डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो ते बरोबरच, पण त्या निवडणुकीतला कामगारांचा सगळ्यात मोठा पुढारी तेच होते असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला तो 'स्वतंत्र मजूर पक्ष' या नावाने. १९३७ च्या निवडणुकीत याच भायखळा-परळ भागातून ते निवडून आले, आणि हरवलं ते काँग्रेसचे उमेदवार पळवणकर बाळू यांना. हो, तेच, देशातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज. १३,२४५ विरुद्ध ११,२२५. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती हे त्या काळातलं काम. आमच्या घड्याळाचे ते 'आठ तास' आकाशातून पडलेले नाहीत.

आता गंमत बघा, नाहीतर दुर्दैव म्हणा. मतदाराला दोन मतं होती. डांगे सर्वसाधारण जागेला, आंबेडकर राखीव जागेला. म्हणजे गिरणी कामगाराला या दोघांतून एक निवडायची गरजच नव्हती! एक चिठ्ठी कणीस-विळ्याला, एक हत्तीला, आणि घरी येऊन झोपायचं.

तसं झालं नाही. आंबेडकर आणि समाजवादी यांची युती होती, त्यामुळे हत्ती आणि झाड ही जोडी झाली. कम्युनिस्ट वेगळे लढले. निकाल लागला तेव्हा विठ्ठल गांधींना १ लाख ४९ हजार, अशोक मेहतांना १ लाख ३९ हजारांवर, काजरोळकरांना सुमारे १ लाख ३८ हजार, आंबेडकरांना १,२३,५७६ आणि डांग्यांना ९६ हजारांवर मतं पडली होती. घटना लागू होऊन दोन वर्षं झाली होती, आणि घटनाकार चौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले. डांग्यांच्या दर सहा मतदारांपैकी आणखी एकाने जरी दुसरी चिठ्ठी हत्तीला टाकली असती तरी निकाल फिरला असता.

पण खरा डोळ्यांत भरणारा आकडा वेगळाच आहे. बाद मतं ७४,३३३.

आंबेडकर आणि मेहता दोघांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. तक्रार अशी की दोन्ही मतं एकाच पेटीत टाका, दुसरं मत कुजवा, असा प्रचार डांग्यांच्या बाजूने झाला. अर्ज फेटाळला गेला. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला.

आमच्या घरात तो संपला नाही. कारण त्या बाद मतांतलं एक आमच्या आजोबांचं होतं.

"दोन्ही चिठ्ठ्या कणीस-विळ्याला टाकल्या," ते म्हणाले. मी विचारलं, कुणी सांगितलं होतं का तसं? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सांगणारे सांगत होते. पण मला सांगायची गरज नव्हती. हत्तीच्या पेटीसमोर हात थांबला."

हात का थांबला, हे तेव्हा मी विचारलं नाही. सोळाव्या वर्षी कोण विचारतं? पुढे वाचत गेलो तसं कळत गेलं, आणि काही गोष्टी आजीकडून कळल्या.

गिरणीत खाती असतात. सूत काढायचं खातं वेगळं, विणायचं वेगळं. साचेखात्यात पगार जास्त. आणि त्या साचेखात्यात दलित कामगारांना काम मिळत नसे. कारण सांगितलं जायचं ते धोट्याचं. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागणार, मग 'बाटेल' ना! म्हणून त्यांनी सूतखात्यातच राहायचं, कमी पगारावर. हा काही मालकांनी काढलेला नियम नव्हता. तो साचेवाल्यांनी, म्हणजे आमच्या आजोबांसारख्यांनी, आपल्या हाताने चालवलेला नियम होता.

१९२८ च्या संपात आंबेडकरांनी आग्रह धरला की मागण्यांच्या यादीत हीसुद्धा मागणी घाला, विणाईचं खातं सगळ्यांना खुलं करा. संपाच्या पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाइलाजाने. तिच्यासाठी भोंगा कधी थांबला नाही. लाल बावट्याच्या मोर्चात सगळे कामगार एक, आणि पाळी सुरू झाली की ज्याचं त्याचं खातं वेगळं. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला म्हणून त्यांना संपफोडे म्हणणारे पुष्कळ होते. ज्याला साच्याजवळ उभंच राहू देत नाहीत त्याने साचा बंद ठेवायला मदत का करावी, हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांनी स्वतःला विचारला.

तरी एक दिवस असा आला होता. ७ नोव्हेंबर १९३८. खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचा कायदा आणला होता, संपावर बंधनं घालणारा. कामगार त्याला 'काळा कायदा' म्हणत. त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला तो स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या दोघांनी मिळून केलेला. संध्याकाळी कामगार मैदानावर आंबेडकर आणि डांगे एकाच सभेत बोलले. आजोबा त्या सभेला होते, सव्वीस वर्षांचे. त्या दिवसाबद्दल ते नेहमी हात वर करून बोलायचे, गर्दी दाखवायला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे आंबेडकरांनी सांगितलं होतं की आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आजोबांच्या पिढीच्या कामगाराने दुसरा शत्रू लगेच ओळखला. पहिला आपल्याच धोट्यात बसलाय हे ओळखायला त्यांना फार वेळ लागला.

म्हणून मला वाटतं, १९५२ साली कामगारांची मतं फुटली असं जे म्हणतात ते तारखेला चुकतं. ती पेटीपाशी फुटली नाहीत. चोवीस वर्षं आधी, खात्याच्या दारात फुटली होती. पुढाऱ्यांची भांडणं होतीच, धोरणंही वेगळी होती, ते मी नाकारत नाही. पण प्रचाराला हात थांबवायचा असेल तर तो हात आधीपासून थोडा थांबलेला असावा लागतो.

याच्या उलट एक प्रसंग आहे. १९५४ मध्ये भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तोही दुहेरी मतदारसंघ, आणि तिथेही आंबेडकर आणि अशोक मेहता जोडीने उभे. कार्यकर्त्यांचा हिशेब सरळ होता. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं, दुसरं कुजवावं, म्हणजे सर्वसाधारण जागेच्या भानगडीत आपलं नुकसान नको. आंबेडकरांनी ते करू दिलं नाही. मत कुजवायला मी सांगणार नाही, हे त्यांचं म्हणणं. निकाल काय लागला? मेहता निवडून आले, आंबेडकर पडले. ज्याला दोन वर्षांपूर्वी कुजलेल्या मतांचा फटका बसला, त्यानेच ते हत्यार हातात घेतलं नाही.

आणि मग १९५७. संयुक्त महाराष्ट्राची लाट. मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात समितीतर्फे दोन उमेदवार, सर्वसाधारण जागेला डांगे आणि राखीव जागेला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघेही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी जे अशक्य वाटत होतं ते त्याच गिरणगावाने करून दाखवलं. या वेळी आजोबांनी दोन चिठ्ठ्या दोन पेट्यांत टाकल्या. पण आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ लाच गेले होते. आणि लोक एक झाले ते मुंबईसाठी, साचेखात्यासाठी नव्हे. आजोबा म्हणाले, "ती दुसरी चिठ्ठी पाच वर्षं उशिरा टाकली रे." एवढंच बोलून कुशीवर वळले. दोन वर्षांनी ते गेले.

आता माझं.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत पगारवाढीचा करार झाला. तीन वर्षांचा. मी तेव्हा युनियनच्या कमिटीत होतो. महिनोन्महिने बैठका, चहा, भांडणं, शेवटी चांगला आकडा मिळाला. कायम कामगारांना. करारात कंत्राटी पोरांचा एक शब्द नव्हता. आमच्यातल्या एका तरुण सभासदाने विषय काढला होता की निदान कॅन्टीन आणि बस तरी सगळ्यांना सारखी मागू. व्यवस्थापन 'बघू' म्हणालं, आणि आम्ही लगेच सोडून दिलं. का? खरं सांगतो, आकडा कमी होईल ही भीती. आणि मनात कुठेतरी हेही की ही पोरं आज इथे, उद्या तळेगावला, परवा रांजणगावला, आपली थोडीच आहेत? मी सही केली. त्या रात्री बायकोने श्रीखंड आणलं होतं.

धोटा आता नाही. कुणी कुणाच्या तोंडाने बाटत नाही. पण दोन शर्ट आहेत, दोन गाड्या आहेत, दोन रांगा आहेत. हा नियमसुद्धा एकट्या मालकाने चालवलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात पुन्हा वाटाघाटीच्या युनियनचा प्रश्न आलाय. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करणार, नाहीतर वाटाघाटी परिषद. चौकात यावर गरमागरम चर्चा चालते, कुठला झेंडा ५१ गाठणार, कोण कुणाचे सभासद पळवणार. निळ्या शर्टातली पोरं ठेकेदाराच्या हजेरीपटावर. ती चर्चेत नसतात. ती मागच्या गाडीत असतात.

नवा करार यंदा जूनमध्ये आहे, तेव्हा मी नसेन. पण गेल्या आठवड्यात कमिटीच्या बैठकीत मी उठलो आणि म्हटलं की मागण्यांच्या यादीत पहिली ओळ कंत्राटी पोरांची घाला, आपल्या आकड्याच्या वर. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जुना मित्र म्हणाला, "जाता जाता काय रे डोक्यात भरलं तुझ्या?" सगळे हसले, मीही हसलो. ओळ लिहिली गेली. तिसऱ्या नंबरवर. टिकेल की नाही ते जूनमध्ये कळेल. आमच्या आजोबांच्या पुढाऱ्यांनीही १९२८ साली ती ओळ लिहिली होतीच की.

आत्या, आजोबांची बदनामी करायची म्हणून हे लिहिलं नाही. तीस वर्षं साच्यापाशी उभे राहून त्यांनी आपल्या सगळ्यांना वर आणलं, हे मी विसरलेलो नाही. पण नातवाला गॅलरीत झोपवून, कुणी विचारलेलं नसताना, आपली चूक सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला माझी सही सांगायला इतकी वर्षं लागली.

असो. उद्या पहिली पाळी आहे.